पाडवा ते दिवाळी: जुन्या बुलेटचा कंडेन्सर बाहेर काढल्यानंतरचा अनुभव

गाडी एनफिल्ड बुलेट ३५०, १९८६ ची. लोखंडी बोअर (सिलिंडर), उजव्या पायाला गिअर, पॉइंटवर चालणारी, म्हणजे इंजिनासोबत उघडझाप होणाऱ्या यांत्रिक स्विचवर ठिणगीची वेळ ठरणारी. आधीच्या मालकाने वायरिंग सहा व्होल्टवरून बारावर नेलेलं. माझा रोजचा रस्ता नौपाड्यातून कळवा, विटावा, ऐरोली, रबाळे करत महाप्याच्या एमआयडीसीपर्यंत. गरम झाली की ताकद जायची, थंड झाली की परत यायची, असं तिचं दुखणं होतं. त्यावर तीन गोष्टी केल्या: कंडेन्सर (पॉइंटवरचा प्रवाह झटक्यात तोडायला मदत करणारा छोटा भाग) डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे पॉइंटच्या डबीच्या, आतून काढून सीटखाली कॉइलशेजारी बसवला, कॉइल (बॅटरीचे व्होल्ट ठिणगीपुरते वाढवणारी) नवी घेतली आणि कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) एक नंबर मोठा टाकला. पाडव्याला काम झालं. त्यानंतर अख्खा उन्हाळा, पावसाळा आणि ऑक्टोबरचं ऊन झालंय, म्हणून आता सविस्तर लिहितो.

आधी लक्षण नीट सांगतो, कारण अर्धं निदान त्यातच आहे. सकाळी जाताना काही नाही. संध्याकाळी येताना विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून रांगेत सरकत कळवा नाक्यापर्यंत आलं, की थ्रॉटल उघडूनही पिकअप नाही. सायलेन्सरमधून फटफट, गाडी मिसिंग करायची, तिसऱ्या गिअरमध्ये ओढायचीच नाही. पण आयडलिंग मात्र ठीक. बाजूला घेऊन दहा-पंधरा मिनिटं उभी केली, की काही झालंच नाही अशी निघायची. मागच्या ऑक्टोबरात हे पहिल्यांदा दिसलं, थंडीत पूर्ण गायब झालं आणि फेब्रुवारी संपता संपता परत आलं.

अशा गाडीचा खरा त्रास हा की गॅरेजमध्ये पोचेपर्यंत ती बरी झालेली असते. थंड इंजिनावर प्लग काढून हेडवर टेकवला, किक मारली, ठिणगी निळी दिसली, की ‘करंट चांगला आहे’ असा निकाल लागतो आणि सगळे कार्बोरेटरच्या मागे लागतात. पण उघड्या हवेत प्लगला ठिणगी पाडायला जेवढे व्होल्ट लागतात, त्याहून कितीतरी जास्त सिलिंडरच्या आत दाबाखाली लागतात. आणि थ्रॉटल जेवढा उघडाल तेवढा मिश्रणाचा भरणा जास्त, दाब जास्त, मागणी जास्त. म्हणून अशक्त झालेली कॉइल किंवा गळका कंडेन्सर आयडलिंगला पुरून उरतो आणि ओढ लागली की हात वर करतो. आयडलिंग ठीक असणं हे करंट ठीक असल्याचा पुरावा नाही. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं जातं.

त्यामुळे तपासणी जिथे गाडी दम टाकते तिथेच, पहिल्या पाच मिनिटांत करायची. डिकीत फार सामान लागत नाही: स्क्रू ड्रायव्हर, प्लग पाना, ओलं फडकं आणि स्पार्क टेस्टर. टेस्टर म्हणजे ज्याची फट सहा-सात मिलिमीटरपर्यंत उघडता येते असं साधं हत्यार. एवढी फट ओलांडणारी ठिणगी दाबाखालीही पडेल, असा भरवसा धरता येतो.

पेट्रोलपासून सुरुवात करा, कारण ते सर्वांत लवकर कळतं. टाकीचं झाकण उघडताना ‘फुस्स’ करून हवा आत गेली तर झाकणाचं भोक बुजलंय. टाकीत निर्वात झाल्याने पेट्रोल उतरत नव्हतं. तसं नसेल तर कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून छोट्या बाटलीत धार बघा. हे करताना इग्निशन बंद, गरम सायलेन्सरपासून बाटली लांब. धार अखंड असली तर पेट्रोल सुटलं. माझ्याकडे ती अखंड होती.

मग करंट. बुलेटच्या हेडलाइटवरचा अँपिअर मीटर या कामाला फार उपयोगी, आणि नवीन गाड्या वापरलेल्या माणसाला तो दिसतही नाही. इग्निशन चालू करून किक हळूहळू दाबा. पॉइंट मिटले की काटा उणेकडे जातो, उघडले की मध्यावर येतो. मध्यावर आला की किक मारायची, हे जुने बुलेटवाले चालू करतानाही बघतात. गरम होऊन बंद पडलेल्या गाडीत काटा असा हलत असेल तर बॅटरी, स्विच, वायर, कॉइलचा प्रायमरी (बॅटरीकडचं वेटोळं) आणि पॉइंट इथपर्यंतचा रस्ता जिवंत आहे. हललाच नाही तर पॉइंटवर काजळी, तुटकी वायर किंवा गरम होऊन सुटणारा इग्निशन स्विच शोधा. काटा उणेकडेच अडकला तर पॉइंट उघडत नाहीत, नाहीतर कंडेन्सर आत शॉर्ट झालाय.

माझा काटा व्यवस्थित हलत होता. पण टेस्टरवर ठिणगी पिवळट, मधूनच चुकणारी. आणि डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून पाहिलं तर पॉइंटच्या तोंडाशी निळी ठिणगी नाचत होती. ही निळी ठिणगी कंडेन्सरची चुगली करते. पॉइंट उघडताना कॉइलमधला प्रवाह एका झटक्यात तुटला पाहिजे, तरच सेकंडरीत (प्लगकडच्या वेटोळ्यात) हजारो व्होल्ट उठतात. ते तुटणं कंडेन्सर स्वच्छ करतो. तो गळायला लागला की प्रवाह पॉइंटवरच जळतो.

मग मल्टीमीटरवर कंडेन्सर बरा का दिसत होता? मीटरवर तो सुमारे ०.२ मायक्रोफॅरड दाखवत होता, जेवढं हवं तेवढंच. पण मीटर तपासतो काही व्होल्टवर, आणि पॉइंट उघडताना कंडेन्सरवर दोनशे-तीनशे व्होल्ट येतात. त्यात तो बसलेला इंजिनाला चिकटून, गरम डिस्ट्रिब्युटरच्या पोटात. थंड आणि कमी व्होल्टवर शहाणा, गरम आणि जास्त व्होल्टवर गळका. कॉइलचंही तेच. तांब्याचा रोध तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे पन्नास अंशांनी गरम झालेली निरोगी कॉइलही वीस टक्के जास्त ओहम दाखवणार. त्या आकड्यावरून कॉइल बाद करू नका. तिचा दोष बहुतेक वेळा आतल्या इन्सुलेशनचा असतो आणि तो ओहममध्ये दिसत नाही. ओलं फडकं इथे कामाला येतं: कॉइलवर ठेवलं आणि ठिणगी सुधारली तर संशय पक्का. माझी फडक्याने थोडी सुधारली, म्हणून तीही बदलली. फडकं गरम हेडवर किंवा बोअरवर मात्र कधीही ठेवू नका, धातू तडकू शकतो.

आमचे मिस्त्री मामा म्हणाले होते, “साहेब, टॅपेट पण बघून घ्या, पुशरॉड घट्ट असला की गरम झाल्यावर कॉम्प्रेशन जातं.” बरोबर सांगत होते. पुशरॉड म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे; ते घट्ट असले तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. थंड इंजिनावर, पिस्टन कॉम्प्रेशनला वर असताना, दोन्ही पुशरॉड बोटांनी फिरले पाहिजेत आणि वरखाली हलता कामा नयेत. गरम गाडीची किक नेहमीपेक्षा हलकी लागली तर आधी हेच बघा. माझी किक जडच होती.

कंडेन्सर बाहेर बसवताना महत्त्वाचं एकच: त्याच्या धातूच्या अंगाची फ्रेमशी वीजजोडणी (अर्थिंग) पक्की झाली पाहिजे. रंग खरवडून धातू उघडा करा आणि कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलपर्यंतची वायर जितकी आखूड ठेवता येईल तितकी ठेवा. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. नव्या पॉइंटची टाच (कॅमवर घासणारा भाग) सुरुवातीला लवकर झिजते, फट कमी होते आणि टायमिंग मागे पडतं. मागे पडलेलं टायमिंग स्वतःच इंजिन तापवतं. त्यामुळे पहिल्या महिन्यात पुन्हा फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) लावा. खर्च किरकोळ, कंडेन्सर तर फारच स्वस्त.

जेटचं कारण वेगळं. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला साधारण साडेतेरा. जुना जेट तसाच ठेवला तर मिश्रण पातळ पडतं आणि हवेवर थंड होणारं इंजिन जास्त तापतं. दुखण्याचं मूळ हे नव्हतं, पण जेट बदलल्यावर प्लगचा पांढुरका रंग जाऊन तपकिरी झाला आणि घोडबंदर रस्त्यावर ओढ जाणवण्याइतकी मऊ झाली. मायलेज थोडं कमी झालं, ते मला मान्य आहे. रबरी पेट्रोल पाइपही इथेनॉल चालेल असा घेतला.

आता निकाल. मे महिन्यात कापूरबावडीपासून गायमुखपर्यंत मेट्रोच्या खांबांमधून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत गेलो, गायमुखचा चढही त्याच गर्दीत चढलो, मिसिंग नाही. पावसाळ्यात विटाव्याच्या साचलेल्या पाण्यातून गेल्यावर एकदा ठसकली, पण ते डिस्ट्रिब्युटरच्या झाकणातून शिरलेली ओल होती, पुसली, निघाली. ऑक्टोबरची दुपार ही माझ्या मते खरी परीक्षा, कारण वारा पडलेला असतो. तिथेही दम टाकला नाही. इंजिन तापतं, तेवढं तापणारच. सिग्नल लांबला तर मी ते बंद करतो.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा किट का नाही, असं बरेच जण विचारतात. किट चांगला असतो, फट आणि टाच यांची कटकट संपते. पण तो गेला तर रस्त्यावर काही करता येत नाही, आणि पॉइंट मी शिळफाट्यावर पॉलिश पेपरने घासून घरी येऊ शकतो. रोज वापरणाऱ्या आणि हात काळे करायची तयारी असणाऱ्याला मी पॉइंटच सांगेन.

एक सूचना स्पेअरबद्दल. बाजारातले नवे कंडेन्सर एकसारखे निघत नाहीत, काही डब्यातून काढल्यापासूनच गळके असतात. म्हणून स्पेअर म्हणून घेतलेला कंडेन्सर तसाच टूलबॉक्समध्ये टाकू नका. आठवडाभर गाडीवर लावून, भर दुपारी गर्दीत चालवून बघा, पॉइंटवर निळी ठिणगी नाही याची खात्री करा आणि मग काढून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा.