जुन्या सागवानाचा पाच तारांचा कस्टम बेस (गिटार), वाजवून झाल्यावरचं मत

आधीच सांगतो, बनवणाऱ्याचं नाव टाकणार नाहीये, त्यानेच नको म्हणून सांगितलंय. एकटा माणूस आहे, ऑर्डरी तुंबल्यात, त्यात आणखी फोन नकोत म्हणे. पुण्याबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये काम करतो एवढं पुरे. तसाही मला बोलायचंय ते बेसच्या डिझाइनबद्दल, कारण कस्टम, म्हणजे ऑर्डर देऊन बनवून घ्यायचं, म्हटलं की आपल्याकडे लोक आधी लाकडाचा फोटो बघतात आणि निम्मे पैसे तिथेच घालवून बसतात.

बॉडी पाडलेल्या वाड्याच्या तुळईतून काढलीय. एका कडेला खिळ्याचं भोक होतं ते त्याने शिसवीची खुंटी मारून बुजवलंय, मुद्दाम दिसेल असं, आणि ते मला झ्याक आवडलंय. जुनं लाकूड घेण्यामागे मुद्दा एवढाच की ते सुकून सुकून आता फारसं वाकत-फुगत नाही. पण सागात मुळातच तेल असतं, डिंक धरत नाही, त्यामुळे जोडायच्या आधी अ‍ॅसिटोनने पुसून घ्यावं लागतं, हे न करणाऱ्यांचे जोड पुढे उघडतात. बाकी सागाने टोन वॉर्म होतो का वगैरे मला विचारू नका, सॉलिड बॉडी आहे, पिकअप (तारेचा कंप विजेत बदलणारं चुंबक-कॉइल) किंवा तारा बदलल्यावर जेवढा फरक पडतो तेवढा लाकडाने पडलेला मला तरी कधी ऐकू आला नाही.

खरा पैसा नेकमध्ये, म्हणजे तारा दाबायच्या लांब दांड्यात गेलाय आणि तो वसूल आहे. पाच पट्ट्यांची नेक, मेपल आणि मधे शिसवी, आत डबल अ‍ॅक्शन ट्रस रॉड (नेकचा बाक सुधारायचा) आणि दोन्ही बाजूंना कार्बन फायबरच्या सळ्या. मला नेक-थ्रू, म्हणजे बॉडीतून सलग जाणारी नेक पाहिजे होती, दिसते भारी म्हणून, तर त्याने सरळ नाही म्हटलं. म्हणे पावसाळ्यात कोकणात शो करणार, मे महिन्यात नागपूरला जाणार, नेक उद्या जरा जरी उठली तर स्क्रूने बसवलेल्या बोल्ट-ऑन नेकला चार स्क्रू सोडून शिम, म्हणजे पातळ पट्टी, घालता येतो, नेक-थ्रूला कोन बदलताच येत नाही, मग काय करशील. उत्तर नव्हतं माझ्याकडे. मागच्या पावसाळ्यात ट्रस रॉडला थोडा पीळ द्यावा लागला बस, शिमची वेळच आली नाही.

आता स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी. फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस काढला तेव्हा ३४ इंच घेतले आणि जग अजून तिथेच आहे, पण तो चार तारांसाठी, सगळ्यात खालची ई तार म्हणजे ४१ हर्ट्झपर्यंत. पाच तारी बेसची त्याखालची जास्तीची तार, बी, येते ३१ हर्ट्झच्या आसपास, आणि स्वस्तातल्या पाच तारीवर ती कशी लोंबते, नोट कुठली तेच कळत नाही, हे ज्यांनी वाजवलंय त्यांना माहीत असेल. डिंगवॉल कंपनीवाले फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तिरके टाकून बीला ३७ इंच देतात, तो एक मार्ग आहे. आम्ही सरळ फ्रेटच ठेवून ३५ इंच केले. तीच तार, तोच सूर, तर ताण लांबीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे एका इंचात साधारण ६ टक्के. ऐकायला कमी वाटतं पण बी ताठ उभी राहते, ढोल-ताशा बाजूला वाजत असताना सुद्धा सूर कळतो. किंमत म्हणजे पहिल्या फ्रेटपाशी बोटं जास्त ताणावी लागतात, लहान पंजावाल्यांनी आधी वाजवून बघा.

बॅलन्सबद्दल कोणी बोलतच नाही. बॉडीचं वरचं शिंग त्याने लांब काढलंय, पट्ट्याचं बटण बरोबर बाराव्या फ्रेटच्या रेषेत येतं, हेडस्टॉक (नेकचं टोक) छोटा आणि तारा पिळायच्या चाव्या हलक्या. हात सोडला तरी नेक खाली जात नाही. वजन ४ किलोच्या आतलं. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात तीन-चार तास उभं राहून वाजवणाऱ्याला याचं महत्त्व कळेल, घरी सोफ्यावर बसून व्हिडिओ काढणाऱ्यांना नाही कळणार.

नेकवर वारली इनलेची, म्हणजे जडवलेल्या चित्रांची, माझी हौस पण त्याने उडवून लावली, त्याऐवजी अंधारात चमकणारे साइड डॉट, म्हणजे नेकच्या कडेचे ठिपके, बसवून दिले. स्टेजवर लाइट गेले की बेसवाल्याला दिसतात ते तेवढेच ठिपके, समोरच्या पब्लिकला नेकवरचं चित्र कुठे दिसतंय.

पिकअप दोन, हमबकर (भुणभुण मारणारे, दोन कॉइलचे), कारण मंडपातल्या डिमरवर सिंगल कॉइल जो भुणभुण करतो तो मिक्सरवाल्याच्या शिव्या खायला पुरेसा असतो. स्विचने सिंगल कॉइल करता येतं, स्टुडिओत तेच वापरतो. दोन पिकअपच्या मधे तारांखाली लाकडी रॅम्प (सपाट ठोकळा) आहे, बेसवादक गॅरी विलिसमुळे माहीत झालेला प्रकार, बोटं तारेत खोल शिरत नाहीत, हलकं वाजतं. सवय झाली की दुसरा बेस हातात घेतल्यावर चुकल्यासारखं होतं. प्रीअ‍ॅम्प (आवाज वाढवणारं सर्किट) ९ व्होल्टचा, आणि पॅसिव्हचा, म्हणजे तो वगळून वाजवायचा, वेगळा स्विच मी हट्टाने घेतला, बॅटरी ऐन गाण्यात मेली तरी वाजत राहतं.

वाईट पण सांगतो. फिनिश नुसत्या तेलाची आहे, हाताला मस्त लागते पण गणपतीत मिरवणुकीला वाजवला तर गुलाल सागाच्या छिद्रांत जाऊन बसला, एक कडा अजून गुलाबी आहे. व्हॉल्यूम आणि ब्लेंडचे (दोन पिकअपचं मिश्रण) नॉब इतके जवळ की एक फिरवताना दुसरा हलतो. बॅटरीचं झाकण स्क्रूचं, एवढ्या महागाच्या वस्तूला क्लिपचं झाकण द्यायला काय झालं. आणि उशीर, सांगितलेल्या तारखेच्या कितीतरी पुढे गेलं काम, विचारलं की "लाकूड बसू दे" हेच उत्तर.

केससकट सव्वा लाखाच्या आसपास पडला. एवढ्यात कंपनीचा चांगला पाच तारी नवा येतो आणि तो विकायला गेलात तर गिऱ्हाईक पण मिळतं, याला नाही मिळणार, हे धरूनच ऑर्डर द्या. परदेशात शो असतात त्यांनी शिसवीची काळजी करू नये, २०१७ मध्ये सगळ्या शिसव जाती साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आल्या तेव्हा कागदांचा ताप होता, २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना सूट मिळाली. तारा मात्र घेताना पाकिटावरची लांबी बघून घ्या, माझ्या ब्रिजवर (बॉडीवर तार अडकवायचा भाग) तार वरूनच लागते म्हणून साधा लाँग स्केल सेट पुरतो, तार बॉडीतून घालायचा ब्रिज घेतलात तर ३५ इंचाला एक्स्ट्रा लाँग लागू शकतो आणि तो इथल्या दुकानात पटकन मिळत नाही.