'लसीकरण झालेली' होमर कबुतरे : ५२,१५० रुपये आणि सतरा पक्षी

नवी मुंबईतल्या घणसोली गावठाणात आमच्या घराच्या गच्चीवर वडिलांच्या काळापासून कबुतरांची ढाबळ आहे. लहानपणापासून पक्षी हाताळणाऱ्या माणसाला कोणी रोगट कबुतरे विकली आणि त्यावर खोटी लस व खोटे औषधही विकले, हे लिहिताना मला लाज वाटते. गेले दोन महिने मी हे घराबाहेर कोणाला सांगितले नव्हते. परंतु तोच माणूस अजून त्याच पद्धतीने व्यवहार करीत असल्याचे कळल्यामुळे लिहीत आहे.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कबूतरपालकांच्या एका व्हॉट्सअॅप गटावर होमर, म्हणजे दुरून घरी परत येणाऱ्या कबुतरांच्या, जोड्यांची जाहिरात आली. प्रत्येक जोडी ७,५०० रुपये, 'पीएमव्हीचे लसीकरण पूर्ण, प्रमाणपत्रासह'. पीएमव्ही म्हणजे पॅरामिक्सोव्हायरस, कबुतरांची मान वाकडी करणारा विषाणू. मी चार जोड्या ठरवल्या, म्हणजे ३०,००० रुपये. त्यांपैकी १०,००० आगाऊ यूपीआयने पाठवले आणि उरलेले २०,००० विकणाऱ्याने शनिवारी पक्षी घरी आणून दिल्यावर दिले. ज्या खात्यात पैसे गेले ते एका बाईच्या नावाचे होते. 'बायकोचे आहे, काका', एवढ्या उत्तरावर मी थांबलो.

पुढची गोष्ट मी रोज रात्री मनात पुन्हा पाहतो. पक्षी ज्या हिरव्या प्लॅस्टिकच्या पेटीत आले, तिच्या तळाचा वर्तमानपत्राचा कागद ओला होता. नुसता विष्ठेने घाण झालेला नव्हे, तर पाण्याने भिजलेला, आणि त्या पाण्यात मधोमध विष्ठेची बारीक गोळी. प्रवासात, घाबरल्यावर कबुतराची विष्ठा पातळ होते, हे कोणताही जुना पालक सांगेल, आणि त्यानेही तेच सांगितले. त्यामुळे मी निव्वळ मूर्खपणाने फसलो असे मी मानत नाही. परंतु प्रवासाचा परिणाम काही तासांत ओसरतो आणि निरोगी पक्ष्याची विष्ठा पुन्हा घट्ट होते. दुसऱ्या दिवशीही खालची फळी ओली होती आणि एक मादी पाण्याच्या भांड्यापासून हलत नव्हती. मूत्रपिंडांवर परिणाम झाल्यामुळे सतत तहान आणि पाण्यासारखी विष्ठा, हे कबुतरांच्या पॅरामिक्सोव्हायरसचे बहुधा सर्वांत आधी दिसणारे लक्षण आहे. मान वाकडी होते ती नंतर. मी मानेची वाट पाहत बसलो आणि कागद माझ्या डोळ्यांसमोर होता.

दुसरी चूक पक्षी आले त्याच संध्याकाळी झाली. 'नवीन पक्ष्यांना बूस्टर देतो आणि तुमच्या जुन्यांनाही टोचून टाकू, म्हणजे आजच एकत्र सोडता येतील', असे म्हणून त्याने शर्टाच्या खिशातून बाटली काढली. माझे जुने तीस आणि नवे आठ, अशा अडतीस पक्ष्यांचे प्रत्येकी १५० रुपयांप्रमाणे ५,७०० रुपये घेतले. बाटली बर्फात नव्हती आणि तिच्यातील द्रव पाण्यासारखे स्वच्छ होते. कबुतरांना टोचण्याची मृत विषाणूंची तेलयुक्त लस दुधासारखी पांढरी असते, दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते, गोठवल्यास निकामी होते आणि मानेच्या मागे, बुडाशी, कातडीखाली दिली जाते. हे मला नंतर एका खासगी पशुवैद्यांनी सांगितले. लस खरी असती तरी तिचे संरक्षण तयार व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणून 'टोचा आणि आजच एकत्र सोडा' असे म्हणणारा माणूस एकतर अडाणी आहे किंवा लबाड.

सर्वांत संताप आणणारी गोष्ट वेगळीच आहे. त्याने सुरुवात नव्या, म्हणजे रोग घेऊन आलेल्या पक्ष्यांपासून केली आणि तीच सुई माझ्या तीस पक्ष्यांना टोचली. मी शेजारी उभा राहून एकेक पक्षी त्याच्या हातात देत होतो. सुई प्रत्येक पक्ष्याला नवी हवी. निदान नव्या पक्ष्यांची सुई जुन्यांना लागता कामा नये. ज्याला हा आग्रह धरताना संकोच वाटतो, त्याने लस टोचून घेऊच नये.

आठव्या दिवशी नव्यांपैकी आणखी दोन पक्षी पाण्यावर बसून राहू लागले. अकराव्या दिवशी एका मादीला दाणा दिसत होता, पण चोच दाण्याच्या शेजारी पडत होती आणि उचललेला दाणा ती मागे उडवीत होती. तेराव्या दिवशी माझ्या जुन्या पक्ष्यांपैकी एका नराची मान पूर्ण फिरून डोके पाठीकडे वळले. आमच्याकडे कोंबड्यांच्या या रोगाला मानमोडी म्हणतात आणि राणीखेत हे त्याचे दुसरे नाव. कबुतरांचा विषाणू त्याच विषाणूचा एक प्रकार आहे. माझी आई कोंबड्या पाळत असे, मानमोडी हा शब्द मी शेकडो वेळा ऐकला होता, आणि तरीही कबुतराच्या पेटीत तो मला ओळखता आला नाही.

मी त्याला फोन केला. त्याने ही लशीची प्रतिक्रिया असल्याचे सांगून 'परदेशी अँटिव्हायरल'च्या दोन बाटल्या ९,६०० रुपयांना आणि वर ४५० रुपये कुरियरचे घेऊन पाठवल्या. बाटलीवर ना कंपनीचे नाव, ना बॅच क्रमांक, ना मुदतीची तारीख. या विषाणूला मारणारे औषध नाही. पण हा सौदा चालतो कसा, ते समजून घ्या. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही दिवस ते दोन-तीन आठवडे जातात, तेवढ्यात विक्री पूर्ण होते. नंतर जे पक्षी उपासमारीने मरत नाहीत त्यांच्यापैकी बरेच सहा ते बारा आठवड्यांत आपोआप सुधारतात, आणि त्या सुधारणेचे श्रेय बाटलीला मिळते. माझे चार पक्षी तिसऱ्या आठवड्यात बरे दिसू लागले, म्हणून मी दुसऱ्या 'कोर्स'चे ६,४०० रुपये स्वतःहून पाठवले. ३०,०००, ५,७००, ९,६००, ४५० आणि ६,४००, असे एकूण ५२,१५० रुपये.

सतरा कबुतरे मेली. नव्यांतली पाच आणि माझी बारा. त्यांतली दोन वडिलांच्या जुन्या जोडीच्या वंशातली होती. जी जगली ती हाताने भरवल्यामुळे जगली. त्यासाठी पसरट ताटलीऐवजी खोल भांडे ठेवले, भिजवलेले वाटाणे आणि चणे चोचीत घातले, पाण्यात क्षार मिसळले आणि पक्षी शांत, अंधाऱ्या जागी वेगळे ठेवले.

आता तक्रारीविषयी. त्या माणसाने मला भीती घातली होती की मेलेला पक्षी तपासायला नेलात तर सरकारी लोक येऊन सगळी ढाबळ मारून टाकतील. ती भीती मला खरी वाटली, कारण २०२२ च्या फेब्रुवारीत आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूरच्या वेहळोलीत, बर्ड फ्लूमुळे हजारो कोंबड्या मारल्या गेल्या होत्या. त्यामुळे पहिले नऊ पक्षी मी चुना टाकून पुरले आणि पुरावाही त्यांच्याबरोबर पुरला. दहावा मेला तेव्हा शुद्धीवर आलो आणि पक्षी बर्फात ठेवून एका सरकारी पशुवैद्यकीय कार्यालयात गेलो. तिथे सांगण्यात आले की इथे कुत्री, मांजरे आणि गुरे पाहिली जातात. दुसऱ्या कार्यालयात प्रयोगशाळेला नमुना पाठवण्यासाठी पत्र लागेल असे कळले, पत्रावर सही करणारे अधिकारी दौऱ्यावर होते, उद्या या म्हणाले, आणि उद्या गेलो तेव्हा तपासणीसाठी पक्षी ताजा हवा, हा आता चालणार नाही, असे उत्तर मिळाले. ताजा पक्षी आदल्या दिवशी त्यांच्याच टेबलावर होता! रिक्षा आणि बर्फ यांवर ७८० रुपये गेले, ते मी वरच्या आकड्यात धरलेले नाहीत.

पोलीस ठाण्यात मी तीनदा गेलो. पहिल्यांदा बिल मागितले, दुसऱ्यांदा हा दिवाणी वाद आहे म्हणून सांगितले, आणि तिसऱ्यांदा मलाच विचारले की कबुतरे पाळण्याची परवानगी आहे का. २०२५ च्या जुलैपासून मुंबईतल्या कबुतरखान्यांचा प्रश्न उच्च न्यायालयात गाजत असल्यामुळे कबूतर हा शब्द उच्चारला की समोरच्याचा चेहरा बदलतो, हे मी समजू शकतो. परंतु रस्त्यावर दाणे टाकणे वेगळे आणि खोटी लस, खोटे प्रमाणपत्र व खोटे औषध विकून पैसे घेणे वेगळे; दुसऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक म्हणतात. पक्ष्याच्या जागी मोबाइल असता तर माझी फिर्याद पहिल्याच दिवशी लिहून घेतली असती, याची मला खात्री आहे. शेवटी नुसता अर्ज घेऊन पोच दिली. यूपीआयने पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर त्याच दिवशी फोन करा. मी सव्वीस दिवसांनी केला, तोवर खात्यात थांबवण्यासारखे काही उरले नव्हते.

त्या 'प्रमाणपत्रा'वर गोल शिक्का होता. लशीचे नाव, बॅच क्रमांक, टोचल्याची तारीख आणि पशुवैद्याचा नोंदणी क्रमांक, यांपैकी काहीही नव्हते. असा कागद कोणी दाखवला तर व्यवहार तिथेच थांबवा. आणि कागद खरा असला तरीही नवा पक्षी तीस दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यात ठेवा आणि जुन्या पक्ष्यांचे काम आधी उरकून मगच त्याच्याकडे जा. मी हे तीस दिवस पाळले असते तर माझे नुकसान आठ पक्ष्यांपुरतेच राहिले असते.

वाकडी मान म्हणजे हाच रोग, असेही समजू नका. साल्मोनेलामध्येही मान फिरते, पण त्यात बरेचदा पंखाचा किंवा पायाचा सांधा सुजतो, आणि तो जिवाणू असल्यामुळे तपासणीनंतर योग्य प्रतिजैविक उपयोगी पडते. घशात पिवळा, चिजासारखा थर दिसला तर तो कँकर असू शकतो. तो परजीवीमुळे होतो आणि त्यावर औषध आहे. चोचीच्या कडेला, डोळ्यांभोवती किंवा पायांवर खपल्या आल्या तर देवी रोगाचा संशय घ्या आणि ढाबळीला मच्छरदाणीची जाळी लावा, कारण तो रोग डास पसरवतात. ज्याच्याकडे या सर्वांवर एकच बाटली आहे, त्याला दाराबाहेर काढा. शेजारी कोंबड्या असतील तर त्यांनाही सांगा, कारण हा विषाणू त्यांनाही लागू शकतो. मी शेजारच्या काकूंना तिसऱ्या आठवड्यात सांगितले, आणि ते आधीच सांगायला हवे होते.

सध्या ढाबळीत एकवीस पक्षी आहेत. सहांची मान अजून सरळ झालेली नाही आणि त्यांना दोन वेळा हाताने भरवावे लागते. गेल्या रविवारी दिवा इथल्या एका मुलाने, नवी होमर घेतोय काका, बघा कशी वाटतात, म्हणून फोटो पाठवला. फोटोत तीच हिरवी पेटी होती आणि खालचा कागद ओला होता. मी लगेच फोन केला. तो ४,००० रुपये आगाऊ देऊन बसला होता. त्याला आधी १९३० वर फोन करायला लावला आणि पक्षी गच्चीवर चढवू नकोस, खालीच वेगळे ठेव, असे बजावले.