गाणारा काउबॉय, त्याचा कागद आणि माझे साडेचार हजार

आधी पैशांचं सांगतो, म्हणजे घाईतल्या मंडळींना इथूनच परत जाता येईल. सगळा माल जुन्या अमेरिकन काउबॉयपटांच्या जाहिरातीचा. पाच लॉबी कार्डं, म्हणजे थेटरात लावायची छापील चित्रं, प्रत्येकी १,२०० रुपये. एक प्रेसबुक, म्हणजे थेटरवाल्यांना पाठवायची जाहिरात-पुस्तिका, २,५०० रुपये. एक पोस्टर, ४,५०० रुपये. एकूण १३,०००. त्यातले साडेआठ हजार सत्कारणी लागले. उरलेल्या साडेचारांची कथा पुढे येईल.

दुकान शुक्रवार पेठेत, एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर. नाव देत नाही, कारण तक्रार करायची आहे आणि मालक तसा माणूस म्हणून वाईट नाही. जिना लाकडी, उभा, धरायला दोर. आत शिरलं की जुन्या कागदाचा तो गोडसर, कुबट वास. मी चाळीस वर्षं छपाईत काढली. वडिलांची शनिवार पेठेत ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र, होती, पुढे मी ऑफसेट घातलं, तीन वर्षांपूर्वी विकून मोकळा झालो. तेव्हापासून छापलेलं काहीही हाती आलं की आधी वास घेतो, मग उलटं करून बघतो आणि वाचतो सगळ्यात शेवटी. घरच्यांना याचा त्रास होतो.

गेलो होतो प्रभातच्या चित्रपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका बघायला. मालक म्हणाला, "काका, त्या आहेतच, पण हे बघा." आणि त्याने खालचा खण ओढला. वर एक हसरा माणूस. पांढरी टोपी, भरतकाम केलेला शर्ट, कमरेला दोन पिस्तुलं आणि हातात गिटार. शेजारी सोनेरी घोडा, तोही जवळजवळ हसतोय. खलनायक बिचारा कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा.

हा रॉय रॉजर्स. आमच्या पिढीने कॅम्पात वेस्ट एंडला जे काउबॉय बघितले ते दाढी वाढलेले, दोन दिवस आंघोळ न केलेले, बोलायचीही मारामार. गायचा प्रश्नच नव्हता. हे त्यांच्या आधीचे. १९३५ नंतरची दहा-पंधरा वर्षं अमेरिकेत कमी पैशांतले, तासाभराचे चित्रपट धडाधड निघायचे, त्यात नायक गुरं चोरणाऱ्यांचा पाठलाग करायचा आणि मधेच शेकोटीपाशी बसून गायचा. मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. शत्रू दाराशी आला तरी आपला नायक आधी पद म्हणतो, वन्समोअर घेतो आणि मग तलवारीकडे बघतो.

मला नवल वाटलं ते कागदाचं. चित्रपट एवढे स्वस्तातले, मग छपाई अशी दणदणीत कशी?

लॉबी कार्ड म्हणजे ११ बाय १४ इंचांचा जाड कागद. एका चित्रपटाची आठ, थेटरच्या दर्शनी जागेत, काचेच्या चौकटीत लावायची. माझ्या पाचांपैकी चारांच्या कोपऱ्यांत टाचणीची भोकं आहेत, एकाला तर एकाच कोपऱ्यात तीन. म्हणजे हे कार्ड तीनदा तरी टाचलं गेलंय. चित्रपट काळापांढरा, कार्डं मात्र रंगीत. रंग छापखान्यातल्या कुणीतरी आपल्या मनाने भरलेले. एका कार्डावर साहेबांचा रुमाल पिवळा, दुसऱ्यावर हिरवा, आणि प्रसंग तोच! भिंग लावून बघितलं तर लाल रंग केसभर सरकलाय, त्यामुळे घोड्याच्या नाकाला लाली आल्यासारखी दिसते. आमच्याकडे असा ताव निघाला असता तर वडिलांनी मशीन थांबवली असती. इथे तो गोड दिसतो, काय करणार.

आणि नाव बघा. नटाचं नाव चित्रपटाच्या नावापेक्षा मोठं. खाली घोड्याचं नाव, ट्रिगर, 'चित्रपटातला सगळ्यात हुशार घोडा' या बिरुदासह. आपल्याकडेही हंटरवाली नादियाचा घोडा 'पंजाब का बेटा' म्हणून श्रेयनामावलीत असायचा, तेव्हा हसू नका.

हा नावाचा मामला मला प्रेसबुक वाचताना कळला. चित्रपट दर काही आठवड्यांनी नवा, गोष्ट साधारण तीच. मग लोकांनी काय लक्षात ठेवायचं? माणूस. म्हणून जीन ऑट्री हा दुसरा गाणारा काउबॉय पडद्यावर 'जीन ऑट्री' याच नावाच्या माणसाचं काम करायचा आणि रॉय रॉजर्स 'रॉय रॉजर्स'चं. त्यामुळे पडदा, रेडिओ, रेकॉर्ड आणि दुकानातली वस्तू, सगळीकडे एकच नाव. ऑट्री चित्रपटात यायच्या आधीच रेडिओवर आणि रेकॉर्डवर गाजलेला होता. सीअर्स कंपनीच्या कॅटलॉगमध्ये १९३२ पासून त्याच्या नावाची गिटार विकायला होती, म्हणजे नायक होण्याच्या आधी गिटार. १९४० पासून त्याचा रेडिओवरचा कार्यक्रम रिग्ली च्युइंगगमवाल्यांच्या पैशांवर चालला, तो १९५६ पर्यंत. आणि १९४१ च्या नोव्हेंबरात ओक्लाहोमातल्या बर्विन नावाच्या गावाने आपलं नाव बदलून 'जीन ऑट्री' केलं. आपल्याकडे चौकाला नाव द्यायचं तर आधी दोन मोर्चे निघतात.

रॉय रॉजर्सची गोष्ट तर छापखान्यात जुळवल्यासारखीच. मूळ नाव लेनर्ड स्लाय. मग काही दिवस डिक वेस्टन. १९३८ मध्ये ऑट्री पैशांवरून रिपब्लिक या चित्रपट कंपनीशी भांडून कामावर आलाच नाही. त्याची आणखी एक तक्रार होती आणि ती मला फार पटली. त्याचा चित्रपट हवा असेल तर थेटरवाल्याला कंपनीचे बाकीचे चित्रपटही गळ्यात घ्यावे लागायचे. चांगल्या हापूसबरोबर पायरीची पेटी घ्यायलाच लावणारे अडते मार्केट यार्डात बघितलेत ना, तसं. कंपनीने त्या जागी या पोराला उभं केलं, तिसरं नाव दिलं आणि घोडा दिला. घोड्याचंही नाव बदललं, तो आधी गोल्डन क्लाउड होता. पुढे १९४२ मध्ये ऑट्री सैन्यात गेला आणि १९४३ मध्ये रॉजर्सच्या चित्रपटाचं नावच 'किंग ऑफ द काउबॉइज' ठेवलं. राजा गादीवरून उठतोय तोवर दुसऱ्याचा राज्याभिषेक. चित्रपटधंद्याच्या वार्षिक कौलात काउबॉय नटांमध्ये १९३७ ते १९४२ ऑट्री पहिला, १९४३ ते १९५४ रॉजर्स पहिला. कागदाने काम चोख केलं, एवढंच मी म्हणेन.

आता प्रेसबुक. २,५०० मला जास्त वाटले होते, घासाघीस केली, मालक हलला नाही. बरं झालं, नाहीतर हातचं गेलं असतं. मोठ्या आकाराची, वर्तमानपत्री कागदाची पुस्तिका, कडा तांबूस होऊन कुरकुरीत पापडासारख्या. पहिल्या पानांवर पोस्टरांचे नमुने, प्रत्येकाखाली आकार आणि भाव. थेटरवाल्याने यादीतून मागवायचं. मग वर्तमानपत्रासाठी जाहिराती, एक कॉलमी, दोन कॉलमी, तीन कॉलमी, प्रत्येकीला नंबर. नंबर कळवला की कागदाच्या लगद्याचा साचा टपालाने यायचा, गावातल्या छापखान्याने त्यात शिसं ओतायचं की ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, तयार. हे वाचून मी खुर्चीतून उठलो. आमच्याकडे एका ब्लॉकसाठी मी पावसात सायकलवरून हेलपाटे घातलेत. यांच्याकडे पाच हजार वस्तीच्या गावातला थेटरवालासुद्धा हॉलिवूडच्या चित्रकाराने केलेली जाहिरात आपल्या पेपरात छापू शकत होता. कपड्यांच्या तयार मापांसारखं.

त्याहून मजा पुढच्या पानावर. तयार बातम्या! नायकाला लहान मुलं कशी आवडतात, घोडा किती करामती शिकलाय, वगैरे. आणि तयार परीक्षणसुद्धा. 'काल आपल्या गावच्या अमुक थेटरात लागलेला हा चित्रपट प्रेक्षकांना फार आवडला', थेटरच्या नावाची जागा कोरी. चित्रपट लागायच्या आधी छापलेली प्रेक्षकांची पसंती. संपादकाने फक्त नाव भरायचं. (हे परीक्षण मी स्वतः बसून लिहिलंय, जागा कोरी सोडलेली नाही.)

शेवटी 'गर्दी कशी जमवाल' अशा अर्थाचं पान. एका माणसाला काउबॉयचा पोशाख घालून घोड्यावरून मुख्य रस्त्यावर फिरवा. काउबॉयच्या वेशात येणाऱ्या मुलांना शनिवारचा खेळ फुकट द्या. वाद्यांच्या दुकानाशी बोलून खिडकीत गिटार आणि गाण्याचे कागद मांडा. मुलांची माउथ ऑर्गनची स्पर्धा ठेवा. वाचता वाचता मला जत्रेतली आमची गंमत आठवली. वडील तंबूतल्या टूरिंग टॉकीजची हँडबिलं छापायचे, पिवळ्या आणि गुलाबी पतंगी कागदावर, आणि ती टांग्यातून उधळायला मी जायचो. पुढे बँड, मागे पोरं. एक हँडबिल दोघांच्या हाती पडलं की फाटायचं, म्हणून मी गठ्ठ्याने फेकायचो आणि मार खायचो. आमच्या त्या टांगेवाल्याला कुणी पुस्तिका पाठवली नव्हती, पण पान वाचून दाखवलं असतं तर म्हणाला असता, "यात नवीन काय?"

खणात हर्ब जेफ्रीजचं एक चित्रही होतं, नवी प्रत म्हणून खाली स्पष्ट लिहिलेलं, ३०० रुपये. कृष्णवर्णीय गाणारा काउबॉय, १९३७ चा. त्या काळी कृष्णवर्णीयांची थेटरं वेगळी असायची, हे चित्रपट मुख्यतः तिथल्यासाठी काढलेले. ते मी घेतलं नाही आणि आता चुटपुट लागलीय. पैसे उरले नव्हते, कारण पोस्टर.

तर पोस्टर. भिंतीवर लावलेलं, प्लॅस्टिकच्या आवरणात. ऑट्री, गिटार, मागे उधळलेले घोडे. मी विचारलं, "ओरिजिनल आहे ना?" मालक म्हणाला, "काका, एकदम ओरिजिनल." आवरण काढून बघायला हवं होतं. चाळीस वर्षांचा अनुभव कुठे गेला होता देव जाणे. संध्याकाळचे साडेसात, दिवा पिवळा, आणि मी हावरटासारखा.

घरी आणून जेवणाच्या टेबलावर पसरलं. त्या काळची पोस्टरं घडी घालून पाठवत, त्यामुळे जुन्या पोस्टरला घड्या असतातच. याच्यावरही होत्या. त्यावरून नख फिरवलं आणि पोटात गोळा आला. नख कुठेच अडलं नाही. घडी छापलेली होती! कुणीतरी खऱ्या पोस्टरचा फोटो काढून, घड्यांसकट, गुळगुळीत आर्ट पेपरवर मारलेला. मग टेप काढली. त्या वेळचं पोस्टर २७ बाय ४१ इंच असतं. माझं २४ बाय ३६. भिंग लावलं तर अक्षरांतसुद्धा ठिपके. मूळ छपाईत अक्षरं भरीव असतात, सलग शाई. ठिपके चित्रात असतात, नावात नाही. आणि १९४० नंतरच्या अमेरिकन पोस्टरच्या तळाशी सहसा वर्षाचा आकडा आणि एक क्रमांक असतो, पुन्हा प्रदर्शित झालेल्याला त्याआधी 'R' हे अक्षर. इथे तो क्रमांक होता खरा, पण इतका धूसर की जणू मोतीबिंदू झालाय. बायको म्हणाली, "दिसतंय तर छान." छान दिसतंय हीच तर अडचण होती.

दुसऱ्या दिवशी टेप आणि भिंग घेऊन जिना चढलो. मालकाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुम्ही ओरिजिनल विचारलंत काका, डिझाईन ओरिजिनलच आहे."

"मालक, मी डिझाईन नाही विचारलं, कागद विचारला."

"आकार कापला असेल."

"घडी कुणी कापली?"

यावर तो हसला, मीही हसलो, आणि तिथेच माझं अर्धं भांडण गेलं. रोख परत देणार नाही म्हणाला, माल घ्या. त्यात दोन लॉबी कार्डं घेतली, २,४०० ची, दोन्ही भिंगाखाली घालून, पालथी करून, कडेने उजेडात धरून. आणि ज्यासाठी मुळात गेलो होतो त्या गाण्यांच्या पुस्तिका, १,२०० च्या. त्यांचा कागद बघताच कळतो, वडिलांच्या हाताखालचाच वाटतो.

तर मत असं. कार्डांना आणि प्रेसबुकाला पाचपैकी पाच. ज्याला छपाई, जाहिरात किंवा जुन्या चित्रपटांचं वेड आहे त्याने प्रेसबुक तरी एकदा हातात धरून बघावं, विकत नाही घेतलं तरी चालेल, मालक बघू देतो आणि चहाही विचारतो. दुकानाला अडीच. पोस्टराच्या वाटेला जाऊ नका, गेलातच तर दिवसा जा, टेप न्या, आवरण काढायला लावा आणि पावतीवर 'मूळ छपाई' असे शब्द लिहून घ्या. गुडघे दुखत असतील तर खालूनच हाक मारा, खण खाली आणून दाखवतो. रविवारी अकरानंतर उघडतं.

माझे ९०० अजून त्याच्याकडे आहेत.