माउथ ओपनर : पाच महिने रोज वापरल्यावर

नागपुरातल्या एका सर्जिकल दुकानातून साडेचारशे रुपयांना घेतला. स्टीलची दोन चपटी पाती, मधे स्क्रू आणि फिरवायची चावी. पाती दातांमधे धरून चावी फिरवली की ती हळूहळू फाकतात आणि त्यांच्याबरोबर जबडा उघडतो.

मी बारा वर्षं खर्रा खाल्ला. आमच्याकडे पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून देतात. आधी तर्रीपोहे झोंबायला लागले. मग गालाच्या आत बोट फिरवलं की ताणलेल्या दोऱ्या लागायच्या. पुढे जांभई अर्ध्यात अडायला लागली आणि भाकरीचा तुकडा चिमटीएवढा करून खावा लागला. डॉक्टरांनी पट्टी लावून मोजलं : वरच्या-खालच्या दातांत १६ मिलिमीटर. निरोगी तोंड साधारण ३५ ते ५० उघडतं.

आजाराचं नाव ओरल सबम्युकस फायब्रोसिस. मी इतकी वर्षं तंबाखूलाच दोष देत होतो, पण गाल आखडतो तो सुपारीने. तिच्यातलं अरेकोलिन गालातल्या पेशींना कोलॅजनचे धागे बनवायला लावतं. सुपारीतल्या तांब्यामुळे हे धागे एकमेकांना बांधणारं एन्झाइम जोरात चालतं, आणि जुने धागे मोडण्याचं काम मंदावतं. जखम भरताना व्रण धरतो ना, तसंच. फक्त इथे व्रण धरायचा थांबतच नाही. म्हणून बिनतंबाखूची सुपारी चघळणाऱ्यालाही हे होतं, आणि यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. राज्यात गुटख्याला २०१२ साली बंदी आली, पण साध्या सुपारीला आपल्या घरात कोणी वाईट म्हणत नाही. आईलाही मी हे समजावून सांगितलं, ती जेवणानंतर अडकित्ता घेऊन बसते.

आता साधनाबद्दल. पहिले दोन महिने डॉक्टरांनी फक्त आइस्क्रीमच्या काड्या दिल्या होत्या. एक काडी साधारण दोन मिलिमीटर. थप्पी करून दातांमधे धरायची, जमलं की एक वाढवायची. आठ काड्यांवरून दहावर आलो आणि तिथेच अडलो. मग गालात इंजेक्शनं सुरू झाली आणि त्यांच्या जोडीला हा स्क्रू. आज तेरा काड्या जातात. पुन्हा आधीसारखं तोंड होईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. धरलेला व्रण पूर्ण विरघळत नाही. पण तेरा काड्यांत चमचा सरळ जातो, दाढांपर्यंत ब्रश पोचतो.

काड्यांपेक्षा स्क्रूचा फायदा म्हणजे ताण एकसारखा राहतो आणि पाव वळशानेही वाढवता येतो. मी सकाळ-संध्याकाळ आधी कोमट पाण्याने चूळ भरतो, ताण जाणवेल तिथे थांबतो आणि तसाच धरून ठेवतो. एकदा घाईने दोन वळसे जास्त दिले, गाल आतून फाटला, आठवडाभर सगळं बंद ठेवावं लागलं. फाटलं की तिथे भरताना पुन्हा व्रणच धरतो, डॉक्टर त्यावर खूप रागावले.

वस्तू म्हणून दोन मोठे दोष. पात्यांवर रबर नाही, पहिल्याच आठवड्यात पुढचे दात ठणकले. मी नंतर गॉज गुंडाळायला लागलो. आणि किती उघडलं ते दाखवणाऱ्या खुणा नाहीत, त्यामुळे मोजायला अजूनही काड्याच लागतात. साडेचारशे रुपयांत एवढं द्यायला हवं होतं. स्क्रू मात्र मजबूत आहे, रोज धुऊन पुसला तर गंज धरत नाही.

दात हलत असतील किंवा तोंडात न भरणारं पांढरं-लाल काही असेल तर हा घेऊच नका, आधी दाखवा. खर्रा चालू असेल तरीही घेऊ नका. सकाळी मिळवलेला मिलिमीटर संध्याकाळची पन्नी परत नेते, मी पहिल्या महिन्यात हे दोनदा करून पाहिलंय. बाकीच्यांनी दुकानातच चावी फिरवून बघा. माझ्या आधीच्या नगाचा स्क्रू मधेच अडत होता, दुकानदाराने लगेच बदलून दिला.