‘ब्रँडीवाइन’ टोमॅटोचे बियाणे : साताऱ्यातील परसबागेसाठी कितपत योग्य?

ऑनलाइन मागवलेल्या या जुन्या अमेरिकी वाणाची पाने बटाट्याच्या पानांसारखी, कडा न कातरलेली असतात. त्यामुळे भेसळ रोपे ट्रेमध्ये असतानाच ओळखू येते आणि या पाकिटात ती आढळली नाही. उगवणही समाधानकारक होती. पाकिटावरील पेरणीचे वेळापत्रक मात्र थंड देशांसाठीचे असून साताऱ्यात ते निरुपयोगी आहे. रात्री उबदार राहू लागल्या की या वाणाची फुले गळतात, म्हणून आपल्याकडे पावसाळा सरताना रोपे तयार करून फळधारणा थंडीत साधणेच शहाणपणाचे ठरते.

वाढ अखंड चालू राहत असल्याने बांबू आणि तारेचा भक्कम आधार लागतो. लागवडीनंतर पहिले फळ पिकण्यास सुमारे तीन महिने जातात, फळेही मोजकीच लागतात आणि पाणी कमीजास्त झाले तर ती तडकतात. उसाच्या पाचटाचे आच्छादन येथे फार उपयोगी पडते. गुलाबी, मांसल, कधी अर्धा किलोपर्यंत भरणाऱ्या या फळाची गोड-आंबट चव कोशिंबिरीत खुलते, आमटीत ती वाया जाते. साल पातळ असल्याने मंडईसाठी लागवड करणाऱ्यांनी संकरित वाणच घ्यावे.

पाकीट महाग वाटले, तरी वाण सरळ, म्हणजे संकरित नसलेले, असल्याने घरचे बी पुढच्या हंगामात वापरता येते. शेजारी दुसऱ्या वाणाचा टोमॅटो असल्यास बी शुद्ध राहावे म्हणून निवडक फुलांच्या घोसांना उमलण्यापूर्वी मलमलची पिशवी बांधावी.