ऊसतोड: टोळी की यंत्र?

बेळगाव जिल्ह्यातल्या चिक्कोडी, अथणी, निपाणी भागात साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की मजुरांची टंचाई जाणवतेच. गावातली तरुण मुले बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत किंवा कोल्हापूरकडे कामाला लागली, ही चांगलीच गोष्ट आहे, पण कोयता धरणारे हात कमी झाले. ऊसतोड मजुरांची टोळी आणायची, तर ऊस वाहतूकदाराला टोळीच्या मुकादमास (म्होरक्यास) आधी उचल म्हणजे आगाऊ रक्कम द्यावी लागते आणि ती बुडण्याची धास्ती राहते. मात्र कोयता अरुंद सरीत, ओल्या रानातही चालतो, ऊस बुडख्याशी तोडतो आणि जनावरांना वाढे (उसाच्या शेंड्याचा हिरवा चारा) मिळते. हार्वेस्टर म्हणजे ऊसतोडणी यंत्र झपाट्याने फड (उसाचे शेत) उरकतो, परंतु त्याला साडेचार-पाच फुटी सरी लागते. तुकड्याच्या शेतीत टोळीच बरी, असे माझे मत आहे. फक्त खोपीतून (मजुरांच्या झोपडीतून) पहाटे अंधारात फडावर निघणाऱ्या बाईची मजुरी वाढलीच पाहिजे.