कराड की कोल्हापूर? छोटं विमान घेऊन दक्षिण महाराष्ट्रात उतरताना

बारामतीहून चार आसनी सेसना १७२ घेऊन दक्षिणेला निघालेल्या वैमानिकापुढे बहुतेक वेळा हे दोन पर्याय असतात. कराड हवाई अंतराने साधारण ६० नॉटिकल मैलांवर, कोल्हापूर ९५ च्या आसपास, आणि दोन्ही एकाच हायवेच्या कडेला. कोल्हापूरला १९३९ पासून विमानतळ आहे. आज तिथे टॉवर, अग्निशमन, नवं टर्मिनल आणि नियमित विमानसेवा आहे. कराडची धावपट्टी कोयना धरणाच्या कामासाठी पन्नासच्या दशकात झाली. ती राज्य सरकारची आहे आणि तिथे टॉवर नाही. नकाशावर पाहिलं तर कोल्हापूरच निवडावंसं वाटतं. मी कराड निवडतो. का, ते सांगतो, पण कोल्हापूर कुठे सरस ठरतं तेही सांगायला हवं.

आधी लांबीचा मुद्दा, कारण पहिली शंका तिथेच येते. कराडचा रनवे १०-२८ (हे आकडे म्हणजे दोन टोकांच्या होकायंत्री दिशा, शेवटचं शून्य सोडून) सुमारे १२८० मीटर, कोल्हापूरचा ०७-२५ आता १९०० मीटरच्या वर. उंची दोन्हीकडे २००० फुटांच्या जवळपास. मे महिन्यातली ४० अंशांची दुपार धरा. प्रमाण वातावरणात २००० फुटांवर तापमान ११ अंश असतं. फरक २९ अंशांचा, दर अंशाला साधारण १२० फूट, म्हणजे घनता उंची, विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची, ५५०० फुटांच्या घरात जाते. पूर्ण वजनाच्या १७२ एसला अशा वेळी, शॉर्ट फील्ड म्हणजे आखूड धावपट्टीच्या पद्धतीने आणि वारा नसताना, जमिनीवर साधारण ४२० मीटर धाव लागते आणि ५० फुटांचा अडथळा ओलांडेपर्यंत सुमारे ७२० मीटर. त्यावर निम्मी भर टाकली तरी आकडा १०८० होतो. म्हणजे कराडला पुरतं, पण उधळपट्टीला जागा नाही. वारा शेपटीकडून असला की दर २ नॉटला हे अंतर १० टक्क्यांनी वाढतं. ६ नॉट असेल तर ७२० चे ९३० होतात आणि राखीव भर खाल्ली जाते. त्यामुळे कराडला वाऱ्याची दिशा नीट न पाहता ‘इकडूनच सोयीचं आहे’ म्हणून टेकऑफ करू नये. कोल्हापूरला हीच चूक बहुधा पचून जाते.

वजनाचा हिशोबही आधी करावा. टाक्या पूर्ण भरल्या तर या विमानात साधारण तीन मोठी माणसं बसतात, चौथं बसत नाही. बारामती-कराड-बारामती या फेरीला टॅक्सी आणि चढण धरून ५० लिटरच्या आसपास एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, लागतं, कोल्हापूरच्या फेरीला ७५. टाकीत वापरता येण्याजोगं २०० लिटर बसतं. म्हणजे जाण्यायेण्याचं आणि पुरेसं राखीव इंधन घरूनच नेता येतं. दोन्हीकडे एव्हगॅस मिळेल असं गृहीत धरून निघू नये. डायमंडची डिझेल इंजिनवाली विमानं जेट ए-१ या केरोसीनसारख्या इंधनावर चालतात, त्यांचा हिशोब निराळा.

कराड शोधायला सोपं आहे. फलटणवरून, मग औंधच्या आसपासहून पुढे आलात की कृष्णा दिसू लागते. खाली कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि काटकोनात पूर्वेला वळतात. प्रीतिसंगमाची ही आकृती वरून इतकी स्पष्ट दिसते की जीपीएस बंद पडलं तरी अडचण येऊ नये. धावपट्टी तिथून पश्चिमेला, हायवेच्या पलीकडे, वारुंजीला आहे. काळजी घ्यायची ती डोंगरांची. नैर्ऋत्येला आगाशिव, वायव्येला वसंतगड, पूर्वेला सदाशिवगड. हे डोंगर धावपट्टीच्या पातळीपासून हजार फुटांच्या आसपास उठतात, म्हणजे त्यांचे माथे जवळपास सर्किटच्याच, उतरण्याआधी धावपट्टीभोवती घालायच्या चौकोनी फेरीच्या, उंचीवर येतात. म्हणून सर्किट आटोपशीर ठेवावं आणि डाउनविंड, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट दिशेचा टप्पा, लांबवू नये. धुरकट हवेत तर अजिबातच नाही.

टॉवर नसल्यामुळे उतरण्याआधी धावपट्टी स्वतः पाहावी लागते. ३०० ते ५०० फुटांवरून, धावपट्टी आपल्या डाव्या हाताला राहील अशा बेताने एक फेरी मारावी. डावीकडच्या आसनावरून तेव्हाच नीट दिसतं. कुत्री, गुरं, माणसं, डांबरावर आलेली खडी आणि विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी), एवढं बघायचं. विंडसॉक निपचित वाटला तर उसाच्या पाचटाचा किंवा वीटभट्टीचा धूर कुठे झुकतोय ते बघा. प्रशिक्षणाची विमानं सर्किटमध्ये असू शकतात. त्यांची फ्रिक्वेन्सी परवानगी घेतानाच विचारून ठेवावी आणि दर टप्प्यावर आपली जागा बोलून सांगावी. खडी दिसली असेल तर ब्रेक दाबून जागेवर पूर्ण पॉवर देऊ नका, प्रोपेलरची पाती टवके उडून खराब होतात. विमान चालतं ठेवून हळूहळू थ्रॉटल द्यावा आणि धाव थोडी वाढेल हे धरून चालावं.

इंजिन बंद पडलं तर काय, हा विचार इथे खास करायला हवा, कारण खाली ऊस आहे. वरून तो हिरव्या गादीसारखा दिसतो. प्रत्यक्षात ८-१० फूट उंचीचं उभं पीक नाकाचं चाक धरून ठेवतं आणि विमान उलटू शकतं. तोडणी झालेलं रान किंवा सोयाबीनचं शेत बघावं. नदीकाठ मोकळा वाटतो, पण उपसा सिंचनाच्या पंपांना जाणाऱ्या विजेच्या तारा नेमक्या तिथेच असतात. खांब दिसले की मध्ये तार आहे असंच समजावं.

कराडची खरी कटकट कागदाची आणि फोनची आहे. धावपट्टी वापरायची परवानगी आधी, लेखी, आणि सुट्ट्या धरून पुरेसे दिवस हाताशी ठेवून घ्यावी लागते. प्रवासी असतील तर बंब आणि रुग्णवाहिकेची सोय अर्जातच विचारून घ्यावी. फ्लाइट प्लॅन किमान ६० मिनिटं आधी द्यायचा. एडीसी (हवाई संरक्षण मंजुरी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) यांचे नंबर परतीच्या वेळी धावपट्टीवर उभं राहून फोनवर घ्यायचे. रेडिओवर भरवसा नको, कारण जमिनीवर असताना डोंगरांमुळे लांबचं स्टेशन लागत नाही. उतरल्यावर सुखरूप पोचल्याचं फोन करून कळवायचं. हे राहून गेलं तर वेळ उलटल्यावर तुमचा शोध सुरू होतो, आणि तुम्ही तोवर शहरात जेवायला बसलेले असता. क्यूएनएच, म्हणजे अल्टिमीटर (उंचीमापक) ज्यावर लावायचा तो हवेच्या दाबाचा आकडा, तोही कुणी देत नाही. जवळच्या विमानतळाचा आकडा घेऊन यावं आणि १ हेक्टोपास्कलची चूक म्हणजे २७ ते ३० फूट हे लक्षात ठेवावं. परत निघताना अल्टिमीटर धावपट्टीच्या उंचीवर लावला की झालं.

कोल्हापूरला यातलं जवळजवळ काहीच करावं लागत नाही. टॉवर वारा सांगतो, दाब सांगतो, पोचल्याची नोंद करतो. रंकाळा, पंचगंगेची वळणं आणि वायव्येला पन्हाळा-जोतिबा यांच्यामुळे शहर चुकत नाही. विमानतळ शहराच्या आग्नेयेला उजळाईवाडीला, आणि रनवे २५ वर यायचं तर इचलकरंजीच्या अंगाने लांब, सरळ फायनल म्हणजे उतरण्याआधीचा शेवटचा टप्पा मिळतो. नव्या वैमानिकाला हे फार सोयीचं आहे.

मग अडतं कुठे? माझ्यासाठी अडतं ते बॅकट्रॅकपाशी, म्हणजे धावपट्टीवरूनच उलट चालत जाण्यापाशी.

धावपट्टीला समांतर टॅक्सीवे नसला की येणारं-जाणारं प्रत्येक विमान धावपट्टीवरूनच उलट चालत जातं. शेड्युल्ड एटीआर (नियमित सेवेचं पंख्यांचं प्रवासी विमान) फायनलवर असेल तर तुम्ही इंजिन चालू ठेवून थांबता. ते उतरतं, टोकाला जाऊन वळतं, परत येतं, अ‍ॅप्रनवर म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर जातं. मग तुमचा बॅकट्रॅक. १००० मीटर १५ नॉटने चालायला दोन मिनिटांच्या वर लागतात. निघणाऱ्या एटीआरच्या मागे असाल तर वेक टर्ब्युलन्ससाठी, म्हणजे त्याच्या मागे राहिलेले हवेचे भोवरे विरायला, आणखी २ मिनिटं, आणि मधल्या जागेवरून टेकऑफ मागितला तर ३. एवढं सगळं जुळून आलं तर १५ मिनिटं सहज जातात, आणि शेड्युल्ड विमान आधी हे बरोबरच आहे. त्यात ७० माणसं बसलेली असतात.

पण हीच १५ मिनिटं ४० अंशांत हवेने थंड होणाऱ्या लायकमिंग इंजिनाला जड जातात. उभ्या विमानात सिलिंडरवरून वारा जात नाही, तेलाचं तापमान चढत राहतं, आणि रिच (जास्त इंधनाच्या) मिश्रणावर मंद चालवत ठेवलं तर प्लगवर शिसं साचतं. उपाय आहेत. नाक वाऱ्याकडे करावं, १००० ते १२०० आरपीएम ठेवावं, मिश्रण जमिनीवरच चांगलं लीन, म्हणजे कमी इंधनाचं, करावं. टेकऑफआधी ते पुन्हा योग्य जागी आणायला मात्र विसरू नये. रांगेतून सुटलात की मॅग्नेटोंची (प्लगना ठिणगी पुरवणाऱ्या दोन यंत्रणांची) तपासणी १८०० आरपीएमवर परत करावी. एका मॅग्नेटोवर १५० आरपीएमपेक्षा जास्त घट किंवा दोघांत ५० पेक्षा जास्त फरक दिसला तर लीन करून थोडी पॉवर देऊन प्लग साफ होतात का बघावं, नाही झाले तर परत फिरावं. इंजिन बंद करून थांबावं म्हटलं तर त्याचाही त्रास होतो. फ्युएल इंजेक्शनचं गरम इंजिन दहा मिनिटांनी सुरू करताना नळ्यांमध्ये वाफ धरून बसतं. आणि निघायला ठरल्या वेळेपेक्षा ३० मिनिटांहून जास्त उशीर झाला तर विलंबाचा संदेश द्यावा लागतो.

एवढ्यावरून मी कोल्हापूर सोडावं हे कुणाला जरा जास्त वाटेल. सकाळी लवकर किंवा दोन शेड्युल्ड विमानांच्या मधल्या वेळेत गेलात तर यातलं काहीही घडणार नाही, आणि टॉवरला आधी फोन करून रिकामी वेळ विचारता येते. पण माझ्या लेखी फरक असा की कराडची सगळी कटकट आदल्या दिवशी, घरी बसून, कागद-फोनवर संपवता येते. कोल्हापूरची वाट्याला आलीच तर प्रवासी आत घामाघूम आणि तेलाचा काटा लाल रेघेकडे सरकत असताना येते. तेव्हा तुमच्या हातात फारसं काही उरत नाही.

ऋतू बदलला की मात्र पारडं फिरतं. जून ते सप्टेंबर मी कोल्हापूरच सुचवीन. पश्चिमेचा वारा दोन्ही रनवेंना बराचसा सरळ येतो, त्यामुळे क्रॉसविंडचा, म्हणजे आडव्या वाऱ्याचा, प्रश्न नाही. प्रश्न ढगांचा आहे. कराडला आभाळ उघडं दिसत असताना पाटणच्या बाजूने ढग खाली उतरू शकतात, आणि रनवे २८ वरून टेकऑफ घेतला की नाक त्याच खोऱ्याकडे असतं. सह्याद्री ओलांडून आलेली हवा पूर्व बाजूला खाली दाबतेही. ४० अंशांत चढण मिनिटाला ५५० फुटांवर येते तसं इथे होत नाही, पावसाळ्यात हवा थंड असते. पण खाली दाबणारा वारा तेवढी चढण खाऊन टाकू शकतो. अशा दिवशी ताजं हवामान सांगणारं माणूस टॉवरमध्ये असणं मोलाचं. हिवाळ्यात दोन्हीकडे सकाळी नदीकाठचं धुकं आणि गळीत हंगामाचा धूर असतो. व्हीएफआरला, म्हणजे बाहेर बघून उडायला, ५ किलोमीटर दृश्यमानता हवी, म्हणून नऊच्या आधी पोचायचा हट्ट नको.

कामाचं ठिकाण सांगली, इचलकरंजी किंवा कोल्हापूर असेल तर कराडला उतरून उपयोग नाही, वाचवलेला वेळ रस्त्यात जाईल. इस्लामपूर, पाटण, कोयनानगर असेल तर कराड उघड सोयीचं. उन्हाळ्यात रात्रभर किंवा दुपारभर विमान ठेवणार असाल तर कुठेही गेलात तरी दोर, खुंट्या आणि चाकांचे अडसर स्वतःचे न्यावेत. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो तो आधी वाऱ्याच्या झोताने. दोन्ही पंख आणि शेपटी, तीनही कड्या बांधाव्यात, दोर अगदी ताणू नये, कंट्रोल लॉक आणि पिटोचं (वेग मोजणाऱ्या नळीचं) आवरण लावावं. परतीचं टेकऑफ अशा दिवशी साडेतीनच्या आत ठेवावं. ढग उशिरा सुटले तर सूर्यास्तानंतर २० मिनिटांची मर्यादा आड येते, आणि कराडला दिवेही नाहीत असं समजूनच मुक्कामाची सोय आधी बघून ठेवावी.